जाऊ दिलेला विचार

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. ठेवताना त्यात कौतुक किती घातलं आणि टोमणा किती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. सून कॅन्सरची डॉक्टर. दवाखान्यात तिच्या एका शब्दासाठी माणसं भिंतीला पाठ लावून बसून राहायची, आणि घरी तीच बाई गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायची. एकदा येऊन भागायचं नाही, पुन्हा यायची.

"अगं, बंद आहे," सासूबाई आतूनच ओरडायच्या. "मी घरात आहे ना? का मला नाक नाही?"

"बघून जाते, आई. माझं समाधान."

"तुझं समाधान त्या गॅसच्या बटणात ठेवलंय होय!"

घरातले हसण्यावारी न्यायचे. हसणं सोपं असतं, ज्याच्या डोक्यात चाललंय त्याला विचारा. तिच्या डोक्यात एकच वाक्य लोचट मांजरासारखं येऊन बसलं होतं: काहीतरी राहिलंय. आंघोळ करताना, लेकीची वेणी घालताना, सिग्नलला गाडी थांबली की. काहीतरी राहिलंय. कुणाचा तरी रिपोर्ट बघायचा राहिला, कुणाचं तरी औषध जास्त लिहिलं गेलं, कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं ते घशात राहिलं. मग ती फोन लावायची, वॉर्डातल्या सिस्टरला पुन्हा पुन्हा तेच विचारायची, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं. काही नाही राहिलं मॅडम, सगळं ठीक आहे.

तिच्या कामात हे वाक्य उगाच येत नाही, हेही खरं. ती जी औषधं देते ती विषंच असतात. माणसाला वाचवायला विष द्यायचं आणि माणूस मरायच्या आत हात आखडायचा, हा तिचा धंदा. त्यात तिच्या बरोबरीचा एक डॉक्टर होता, चांगला हसतमुख. तो एके दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारात आला, गाडी जागेवर लावली, इंजिन बंद केलं आणि उतरलाच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसला. वॉचमनने काचेवर टकटक केली तेव्हा काच खाली करून म्हणाला, "मला आत जायचंय, पण मला जमत नाहीये." बस. तो पुन्हा आला नाही. त्याचे सगळे पेशंट डॉक्टरीणबाईच्या पदरात पडले.

मग वरच्यांना जाग आली. त्यांच्या खात्याचे मोठे डॉक्टर होते, टक्कल आणि तोऱ्याने चकाकणारे, त्यांनी फर्मान काढलं. दर गुरुवारी दुपारी सगळ्या डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर ध्यानाच्या वर्गाला बसायचं. फोन बाहेर टोपलीत. सबब चालणार नाही. शिकवायला एक गृहस्थ यायचे. मऊ आवाजाचे, मऊ चपलांचे, बोलताना दोन शब्दांच्या मधे एक डुलकी काढून होईल इतके सावकाश. नर्सांनी त्यांचं नाव हळूबाबा ठेवलं.

"श्वास घ्यायची शिकवणी?" सासूबाईंनी ऐकलं तेव्हा हातातलं काम थांबलं. "इतकी वर्षं तू काय घेत होतीस मग?"

पण गंमत अशी, की ते लागू पडलं. हळूबाबा सांगायचे, "विचार म्हणजे... दारावरून जाणारी माणसं. बघा. ओळखा. पण... आत बोलवू नका. पाणी विचारू नका. जातील." डॉक्टरीणबाई मन लावून शिकली. हुशार विद्यार्थिनी ती, लहानपणापासून पहिल्या बाकावरची; ध्यानातसुद्धा पहिला नंबर काढल्याशिवाय राहते की काय! काहीतरी राहिलंय, असं मनात आलं की ती डोळे मिटायची आणि म्हणायची, विचार आहे, जाऊ दे. आणि तो जायचा. आश्चर्य म्हणजे काही बिघडायचं नाही. कुणी मरायचं नाही. इतके दिवस ज्याच्या धाकात राहिले तो नुसता भुंकणाराच होता तर, असं तिला वाटायला लागलं. ती झोपू लागली. बसून जेवू लागली. एका सकाळी ती गॅस न बघता जिना उतरून गेली, तेव्हा सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि रिकाम्या जिन्याकडे बघत राहिल्या. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. का कोण जाणे, त्या आत जाऊन गॅसचं बटण बघून आल्या.

"बरी आहेस ना गं?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"मस्त आहे, आई. अशी मी कित्येक वर्षांत नव्हते."

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. 

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्याच जिवाशी आलं.

मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे. तलावावर शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना पाण्यात ढकलायचा त्यांचा व्यवसाय. छाती ही रुंद, आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. रक्ताचा कॅन्सर निघाला आणि ती छाती बघता बघता कपाटातल्या हँगरसारखी झाली. पण जीभ शाबूत. "डॉक्टर, केस गेले ते बरं झालं," ते म्हणायचे, "पाण्यात वेग वाढतो." त्यांची बायको शेजारच्या खुर्चीत बसून त्यांना गप्प बसा म्हणायची आणि ते गप्प बसले की घाबरायची.

मास्तरांना दोन औषधं चालू होती. एक जायचं पाठीच्या कण्यात, बारीक सुई घालून, मणक्यांच्या मधल्या पाण्यात. ते पिवळं. दुसरं जायचं हाताच्या शिरेत. ते पाण्यासारखं, रंग ना रूप. शिरेतलं ते औषध शिरेत गेलं तर माणूस तरतो. तेच चुकून पाठीत गेलं तर त्याला उतारा नाही. आधी पाय जातात, मग वर वर चढत जातं, आणि शेवटी श्वास. माणूस शुद्धीवर असतो आणि सगळे बघत बसतात. जगात कुठे कुठे असं झालेलं आहे आणि कॅन्सरच्या प्रत्येक डॉक्टरला ते शिकतानाच सांगितलेलं असतं, भुताची गोष्ट सांगावी तसं.

म्हणून त्या दवाखान्यात एक रीत होती. पाठीतलं इंजेक्शन आधी. ते होऊन पेशंट खोलीबाहेर आला की डॉक्टरने स्वतः खालच्या औषधखोलीत फोन करायचा आणि म्हणायचं, "पाठ झाली." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय औषधखोलीतली बाई शिरेतल्या औषधाला हात लावायची नाही, मग मोठे डॉक्टर येऊन नाचले तरी. त्यामुळे दोन्ही सुया एका वेळी वॉर्डात कधी यायच्याच नाहीत. रीत इतकी पक्की, की नव्याने आलेल्यांना ती का आहे हे सांगायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी सकाळी डॉक्टरीणबाईने मास्तरांचं पाठीतलं इंजेक्शन सगळ्यात आधी घ्यायचं ठरवलं होतं. दुपारी वर्ग, त्यामुळे घाई. औषधखोलीत शिरेतलं औषध तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून सकाळी येता येताच तिने फोन केला.

"मास्तरांची पाठ झाली समजा," ती म्हणाली. "मी आता खोलीतच चाललेय. तुम्ही दुसरं करायला घ्या."

"झाली म्हणून धरू ना, मॅडम?" औषधखोलीतल्या बाईने विचारलं.

"धरा."

अशी सवलत तिने आजवर कधी घेतली नव्हती. आधीची डॉक्टरीणबाई असती तर हे दोन शब्द तोंडातून काढताना तिला घाम फुटला असता. पण आता ती शांत होती. शांत माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टींचं काही वाटत नाही.

फोन ठेवला आणि तेवढ्यात बाहेरच्या खुर्च्यांवर एक म्हातारे गृहस्थ कोसळले. धावपळ झाली. मग त्यांच्या मुली आल्या, मग रडारड, मग मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं, मग आणखी एक तातडीचा पेशंट. मास्तर खोलीबाहेर उपाशीपोटी बसून राहिले. दुपार झाली आणि मोठे डॉक्टर मनगटावरचं घड्याळ दाखवत दारात उभे. "चला. वर्ग. आज सगळे हवेत."

"माझी एक पाठ राहिलीय, सर."

"ज्युनिअर आहे ना? करेल ती."

ज्युनिअर म्हणजे चिमणी. तिला सगळे चिमणी म्हणायचे कारण ती बोलायची भरभर आणि खायची कण कण. दुसऱ्या दवाखान्यातून नुकतीच आलेली, हात सोन्यासारखा, कण्यात सुई अशी घालायची की पेशंटला कळायचं नाही. "मी करते ना मॅडम, तुम्ही जा. मास्तर, येताय ना? आज माझ्या हातची सुई."

"तुझ्या हातची असेल तर दोन टोच," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसली. वर गेली.

वरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या. पडदे ओढलेले. फोन टोपलीत. हळूबाबा मधे बसले, मांडीवर हात, आणि म्हणाले, "आज आपण... लांब बसणार आहोत. मधे उठायचं नाही. काहीही आलं... तरी."

डॉक्टरीणबाईने डोळे मिटले. श्वास आत. श्वास बाहेर. कुणाच्या तरी पोटात गुडगुडलं. मोठ्या डॉक्टरांना डुलकी लागली असावी, नाक वाजत होतं.

आणि मग ते आलं. काहीतरी राहिलंय.

ती मनातल्या मनात हसली. ये बाबा, आलास? विचार आहे. जाऊ दे. तो गेला.

थोड्या वेळाने पुन्हा आला. आणि या वेळी नुसते शब्द नव्हते, चित्र होतं. स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये हिरवं फडकं. फडक्यावर दोन भरलेल्या सुया, एक पिवळी, एक पाण्यासारखी. चित्र लख्ख होतं, ट्रेच्या काठावरचा चरासुद्धा दिसत होता. तिला वाटलं, किती छान दिसतंय, किती स्पष्ट. हळूबाबा म्हणतात तसं नुसतं बघता येतंय मला. आत बोलवू नको. पाणी विचारू नको. तिने श्वास सोडला आणि चित्र विरघळू दिलं. मला जमलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचा अभिमानही वाटला. हे तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

तिसऱ्यांदा ते आलं नाही.

ती वाट बघत बसली. मांजर नेहमी तीनदा, चारदा, दहादा येणारं. ते आलं नाही. आत सगळं निवांत, मोकळं, पुसून ठेवलेल्या ओट्यासारखं. आणि त्या निवांतपणात तिच्या बोटांची टोकं गार पडू लागली. आधी बोटं, मग तळवे. डोकं म्हणत होतं, किती शांत. हात म्हणत होते, ऊठ.

झाली म्हणून धरू ना, मॅडम? धरा.

तिचे डोळे उघडले.

शिरेतलं औषध सकाळीच तयार झालेलं. वॉर्डात पाठवून दिलेलं असणार, कारण पाठ झालेली आहे, तिनेच सांगितलंय. आणि पाठ आत्ता होतेय. चिमणी करतेय. चिमणीला ही रीत कुणी सांगितलेली नाही. तिच्या पूर्वीच्या दवाखान्यात अशा खोलीतल्या ट्रेमध्ये जे येतं ते सगळं पाठीतच द्यायचं असतं.

 उठायला गेली तर खुर्ची जमिनीवर करकरली.

"श्वासाकडे... परत या," हळूबाबा डोळे न उघडता म्हणाले.

ती दाराकडे पळाली. टोपलीत सगळे फोन काळे, सगळे एकसारखे. एक उचलला, तिचा नाही. दुसरा, तिचा नाही. टोपलीच उपडी केली. आपला सापडला, चालू व्हायला वेळ लागला, आणि स्क्रीनवरचा गोल फिरत असताना ती जिन्याकडे निघालीसुद्धा होती. लिफ्ट खाली कुठेतरी अडकलेली. वॉर्डाचा फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. कुणीतरी निवांत गप्पा मारत होतं तिकडे, आणि इकडे तिच्या कानात त्या व्यस्त फोनचा टूं टूं टूं आणि स्वतःच्या छातीचा आवाज यात फरक कळेना.

जिना. एक मजला. तिच्या मनात मास्तरांचे पाय आले, लांब, ताणलेले, पाणी मारणारे. दुसरा मजला. फरशी नुकतीच पुसलेली, ती घसरली, कठड्याला कोपर आपटलं, कळ डोक्यात गेली. वळणावर एका म्हातारीने तिची बाही धरली. "डॉक्टर, माझ्या मुलाचा रिपोर्ट..."

"सोडा," ती म्हणाली.

"एवढंच सांगा, चांगला की वाईट?"

"सोडा हो मला!" म्हातारीचा हात तिने झटकला. आजवर कुणाचा झटकला नव्हता. म्हातारी भिंतीला टेकली आणि मागून तिचा आवाज आला, "वाईट आहे ना?" डॉक्टरीणबाई थांबली नाही.

खोलीच्या दारावर लाल दिवा लागलेला. आत काम चालू आहे, येऊ नका.

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच गोठली. कारण आत सुई कण्यात आहे. दार धाडकन उघडलं, ओरडलं, तर चिमणी दचकणार. दचकली तर अंगठा दाबला जाणार. ओरडायचं नाही. पळायचं नाही. आत तर जायचंच, आणि एका क्षणाचाही उशीर करायचा नाही.

तिने दार हळूच लोटलं.

मास्तर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, उघडी पाठ दाराकडे. पाठीचे मणके एकेक मोजता यावेत असे. सिस्टर पलीकडून त्यांचे खांदे धरून. चिमणी स्टुलावर, वाकलेली, मणक्यांमध्ये सुई रोवलेली. शेजारी ट्रे. ट्रेमध्ये एक रिकामी सिरिंज. रिकामी कुठली होती ते इथून दिसेना. दुसरी चिमणीच्या मुठीत. मुठीत कुठली तेही दिसेना.

"चिमणे," डॉक्टरीणबाई म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. सपाट, हळू, झोपलेल्या मुलाच्या खोलीत बोलावं तसा. हा आवाज हळूबाबांनी शिकवला म्हणून आला, की भीती माणसाला एका हद्दीपलीकडे असा थंड करते, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"मॅडम? तुम्ही वर्गात..."

"हात आहे तिथेच ठेव. अंगठा उचल. मागे बघू नकोस."

"काय झालं?"

"अंगठा उचल, बाळा."

चिमणीचा अंगठा वर आला. डॉक्टरीणबाई पाऊल पाऊल टाकत स्टुलामागून पुढे गेली. खोली केवढीशी, चार ढांगांची. तिला वाटलं संपतच नाही. तिने मुठीकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून सिरिंज दिसली. पाण्यासारखी. रंग ना रूप.

तिची नजर लगेच ट्रेमधल्या रिकाम्या सिरिंजकडे गेली. आत पिवळे थेंब चिकटलेले. म्हणजे पहिलं बरोबर गेलं होतं.

"ही दिली?" तिने विचारलं. 

"पिवळी दिली. ही दुसरी द्यायचीय. पण याचं टोपण निघतच नाहीये मॅडम, कुणी इतकं घट्ट बसवलंय कोण जाणे. मी सिस्टरला चिमटा आणायला सांगणार होते." आणि मग तिच्या बोलण्याचा वेग कमी कमी होत गेला. "आम्ही वाचून घेतलं, मॅडम. दोघींनी मोठ्याने. नाव मास्तरांचंच आहे. औषध बरोबर आहे..."

"लेबल पूर्ण फिरव."

चिमणीने मूठ उघडली. सिरिंज गोल फिरवली. मुठीखाली दबलेल्या बाजूला लाल अक्षरं होती. फक्त शिरेत.

 सिस्टरचा हात मास्तरांच्या खांद्यावरून आपोआप निघाला आणि तिच्या तोंडावर गेला. चिमणीचं तोंड पांढरंफटक. सिरिंजच्या टोकावर टोपण होतं, घट्ट, जागच्या जागी. ते आणखी थोडं सैल असतं तर. चिमणीची बोटं आणखी थोडी जोरकस असती तर.

"ती आण इकडे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "माझ्या हातात दे. सुई काढून घे, हळूच. छान. आता बाहेर जाऊन पाणी पी."

"मॅडम, मी..."

"तू नाही. मी. जा."

चिमणी गेली. सिस्टरने मास्तरांच्या पाठीवर पट्टी लावली, त्यांना उताणं केलं, चादर ओढली आणि तीही बाहेर गेली. डॉक्टरीणबाईने सिरिंज उजेडात धरली. टोपण बघितलं. औषधाची रेघ बघितली. पुन्हा बघितली. एक थेंबही कमी नव्हता. तिने ती रुमालात गुंडाळून आपल्या कोटाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला, जणू ती आपोआप बाहेर येऊन मास्तरांच्या पाठीत शिरेल.

मास्तर छताकडे बघत होते.

"डॉक्टर," ते म्हणाले. "तलावावर एखादं पोर खरंच बुडत असलं ना, की मी असाच बोलतो. नाहीतर ओरडतो."

ती स्टुलावर बसली. बसली म्हणजे पडलीच.

"कोण बुडत होतं?" मास्तरांनी विचारलं.

खोटं बोलणं फार सोपं होतं. टोपण निघालं नव्हतं. काही झालं नव्हतं. उगाच आजारी माणसाला कशाला भेदरवायचं, असं म्हणणारे खूप भेटले असते, मोठे डॉक्टर तर पहिले. आणि आतून ते शांत, मऊ, डुलकी काढणारं काहीतरी म्हणालंसुद्धा, जाऊ दे. तिला त्याची किळस आली.

तिने सांगितलं. सकाळचा फोन, धरा म्हणालेली ती, वरचा वर्ग, दोन सुया, टोपण. ते औषध पाठीत गेलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगितलं. मऊ करून नाही. 

 मास्तरांनी मान उचलून चादरीच्या टोकाकडे पाहिलं. चादरीखाली त्यांची बोटं हलली. डावी. मग उजवी.

"हलतायत ना?" ते म्हणाले.

"हो. काही गेलं नाही आत, मास्तर. टोपण लागलेलं होतं. मी बघितलं."

"तुम्ही सकाळी पण झाली म्हणाला होतात."

तिने खिशावरचा हात आणखी दाबला. 

"पुन्हा बघा," मास्तर म्हणाले. तो तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, घशातून नुसती हवा येत होती. "चादर काढून बघा. मला माझं दिसतंय ते खरं वाटत नाहीये."

तिने चादर वर केली. हाडकुळी, लांब पावलं. बोटं वाकली, सुटली. वाकली, सुटली.

"हलतायत," ती म्हणाली.

"आता?"

"आताही."

"दुसरं औषध आज नको मला. कुणाच्याच हातून नको."

"आज नाही देत. उद्याही तुम्ही हो म्हणाल तरच. तुम्हाला दुसरा डॉक्टर हवा असला तर तसंही सांगा. मी स्वतः बोलून देईन."

मास्तरांनी तिच्याकडे पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. तिचे हात मांडीवर थडथड उडत होते आणि ती ते लपवतही नव्हती. बराच वेळ त्यांनी ते हात पाहिले.

"महिनाभर तुम्ही दगडासारख्या शांत होतात," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिला माहीत आहे सगळं, हिला कसली भीती. आणि मी आपला एकटाच रोज पाय हलवून बघतोय की आज आहेत का." ते थांबले. "आता तुम्ही घाबरलेल्या बघून मला जास्तच भीती वाटतेय, खरं सांगतो. पण दुसरा डॉक्टर नको. तो पुन्हा पहिल्यापासून शांत असायचा."

तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. भीतीने रडायलाही जागा ठेवली नव्हती.

बाहेर पावलं वाजली. मास्तरांची बायको, हातात चहाचा थर्मास. सकाळपासून बसून कंटाळलेली. तिने दारातून आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईच्या, आणि थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"झालं का?" ती म्हणाली. "अहो, काय झालं? बोला की कुणीतरी."

"डॉक्टरांनाच सांगू दे," मास्तर म्हणाले. "मी सांगितलं तर तू मलाच ओरडशील."

 डॉक्टरीणबाई स्टुलावरून उठली आणि ते स्टूल बायकोकडे सरकवलं. "बसा, ताई," ती म्हणाली. "बसून ऐका."

बायको बसली नाही.  डॉक्टरीणबाईने पहिल्यापासून सुरुवात केली, औषधखोलीच्या फोनापासून. बोलताना तिची नजर त्या बाईच्या तोंडावर होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला मास्तरांच्या बोटांनी हलणारं चादरीचं टोक दिसत होतं. ते मधेच हलायचं थांबलं. तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि ती वळून पलंगाशी गेली.

"मास्तर, बोटं हलवा."

"आत्ताच तर हलवली."

"पुन्हा हलवा."